खरं

शहापूरच्या भट्टीवर माझा दिवस पहाटे चारला सुरू होतो.
खव्यात साखर पडली की हात थांबवायचा नाही,
कुंद्याला विटकरी रंग चढेपर्यंत बोलायचं नाही,
हा वडिलांचा दंडक.
लक्ष चुकलं की कढईच बोलते, करपट.

रेवतीनं कुंदा पोटभर खाल्ला तो नवव्या वाढदिवसाला.
पुढच्या महिन्यात पोर पाणी पीत सुटली,
तांब्या, कळशी, शाळेच्या नळाला तोंड,
आणि न्हाणीच्या मोरीत मुंग्यांची रांग.
आत्या म्हणाली, हलवायाच्या लेकीला साखरेची दृष्ट.
"तुमच्या कुंद्याचा दोष नाही," डॉक्टर पट्टणशेट्टी तीनदा म्हणाले.
तिन्ही वेळा मी ऐकलं नाही.

पोटात मागच्या बाजूला आडवं पडलेलं असतं स्वादुपिंड,
त्यात बारीक बारीक बेटं.
अंगाच्या पहारेकऱ्यांनी
घरच्याच बेटांना परकं ठरवलं आणि उठवलं.
हे मात्र मला चटकन कळलं.
आम्ही कोल्हापूरला गेलो की तिकडचे,
धारवाडला गेलो की पलीकडचे.

आठ वर्षं झाली.
खव्याच्या फ्रीजमध्ये वरचा कप्पा तिच्या इन्सुलिनचा.
रात्री वीज गेली की मी आधी तो कप्पा बघतो,
खवा नंतर.

गोवावेस चौकात एकानं पत्रक हातात दिलं.
मूळपेशी. एक सुई, मधुमेह कायमचा बंद.
साडेसहा लाख.
दुकानाचा गाळा किती जाईल, याचा हिशेब
मी तिथंच, रिक्षाच्या टपावर कागद ठेवून केला.

डॉक्टरांनी पत्रक उलटं करून त्याच्या कोऱ्या पाठीवर
एक गोल काढला.
ही पेशी. अजून काहीच न झालेली.
हाड होईल, कातडी होईल, काळीज होईल.
तिला आठवडेच्या आठवडे, एकेक पायरी शिकवायचं,
बाई, तू बेट हो.
घाई झाली तर बिघडते, उशीर झाला तरी बिघडते.
मी म्हटलं, म्हणजे पाकासारखं.
ते हसले. मग ती बेटं यकृतात सोडायची,
साखर बघून ती आपली आपण इन्सुलिन सोडतात.
लांबच्या देशात काही माणसांची सुई सुटलीय.
"होतंय," म्हणाले, "खरं..."

पुण्याच्या माणसाला वाटेल, खरं म्हणजे सत्य.
आमच्यात खरं म्हणजे पण.

खरं पहारेकरी तेच आहेत, नवी बेटंही उठवतील.
खरं त्यांना निजवायला रोज गोळ्या लागतात,
आणि ते निजले की भलतीच दुखणी आत शिरतात.
खरं माणसं मूठभर, वर्षं थोडी.
खरं हे पत्रकवाले यातलं काहीच करत नाहीत,
गाळा विकू नका.

परत येताना बसमध्ये रेवती खिडकीशी.
बारावीचा फॉर्म मांडीवर, अर्धा भरलेला.
"आप्पा, जिनं अजून काहीच ठरवलं नाही
त्या पेशीला भीती वाटत असेल काय हो?"
मला उत्तर सुचलं नाही. कंडक्टरनं सुटे मागितले,
ते मोजत बसलो.

आज चारला तीही उठली. बोट टोचलं. एकशे बेचाळीस.
कढईजवळ येऊन उभी राहिली,
चव घेत नाही, नुसत्या वासानं सांगते,
माझ्याआधी.
"झालं. उतरा आता."

उतरवताना, दंडक मोडून, मी विचारलं,
होईल काय गे ते कधी? तुझ्या वयात?
"होईल की," ती म्हणाली,
आणि हातातला झारा तसाच धरून
मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो,
पुढचा शब्द येतो काय ते.